नव्वदच्या कॅसेटमधली उरलेली मिनिटं

शेलूबाजारच्या चौकात माझं दुकान आहे. एक रस्ता अकोल्याकडे जातो, एक मंगरूळपीरला, एक कारंज्याला आणि एक मालेगावला. चारही बाजूंच्या एसट्या इथे थांबतात, म्हणून चारही बाजूंचे बिघडलेले टेप माझ्याकडे यायचे. आता पाटीवर 'मोबाईल रिपेअरिंग' आहे. पण वरचा रंग उन्हाने पापुद्रा धरून सुटला, की खालची जुनी अक्षरं दिसतात: 'रेडिओ-टेप दुरुस्ती. कॅसेट भरून मिळेल.'

पुतण्या पुण्याला नोकरीला असतो. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "काका, पंचवीस वर्षं झाली तुम्ही त्या एकाच बँडच्या मागं आहात. भेटलं काय त्यातून?" सोयाबीनच्या भावाने डोकं तापलेलं होतं, त्याला काही उत्तर दिलं नाही. मग दुकानात बसल्या बसल्या बिलबुकाच्या कोऱ्या बाजूला जसं सुचलं तसं लिहीत गेलो. बँडचं नाव इंडियन ओशन. दिल्लीचा, १९९० सालापासूनचा. आमच्याकडे बँड म्हटलं की लाल कोट आणि ट्रम्पेट डोळ्यापुढे येतं, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

१. चांगली वस्तू आधी कामासाठी घरात येते

२००० साल. दुकानाच्या वरच्या खोलीत बँकेतले एक साहेब भाड्याने राहायचे. दादरचे. बायको-मुलं मुंबईत, त्यामुळे संध्याकाळी सोबतीला फक्त डेक. सुट्टीवर गेले की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेटी आणायचे. असेच एकदा परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच डेक काखेत घेऊन खाली उतरले. पट्टी खात होता. कॅसेट आतच अडकलेली होती. 'कांदिसा' नावाची, त्याच वर्षी निघालेली.

पट्टी सोडवली, रबरी रोलर बदलला, हेड स्पिरिटने पुसलं, तीच कॅसेट लावून पाहिली आणि अर्ध्या मिनिटात बंद केली. गाणं नावडलं म्हणून नव्हे. गाण्याकडे माझं लक्षच नव्हतं. डेक सुधरला एवढंच कळलं.

पण एक गोष्ट ध्यानात राहिली. दुरुस्तीवाल्याकडे टेस्टची एक कॅसेट लागते. सिनेमाची गाणी टेस्टला कुचकामी, कारण त्यात सगळं एकदम वाजतं. स्पीकर फाटलेला असला तरी व्हायोलिनांच्या गर्दीत झाकून जातो. या कॅसेटमध्ये माणसं चार, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. राहुल रामच्या बास गिटारवर स्पीकरचा कागद फाटलाय का ते लगेच कळे. असीम चक्रवर्तीच्या तबल्याची चाट दबकी आली तर हेडवर मळ. सुस्मित सेनच्या गिटारचा लांबवलेला सूर लडबडला तर मोटरचा बेल्ट ढिला. अमित किलमच्या ड्रमच्या थाळ्या बोथट वाजायला लागल्या तर हेडचा कोन हललेला. एवढी गुणी कॅसेट मला आयटीआयमध्येही मिळाली नव्हती.

साहेबांकडून मागून घेतली. ते हसले. "त्या लोकांनी दहा वर्षं स्वतःला घासलंय रे, आणि तू त्यांच्यावर बेल्ट तपासणार?"

दिवसाला आठ-दहा टेप यायचे. प्रत्येकामागे अर्धं मिनिट. पट्टी जिथे थांबली असेल तिथून. म्हणजे वर्षभर मी ती कॅसेट तुकड्यातुकड्याने, उलटसुलट ऐकत होतो. मग एक दिवस एका गिऱ्हाइकाचा टेप झाला आणि मी बटण दाबलंच नाही. तो समोर उभा. "झाला नं भाऊ?" "झाला. थांबा जरासक." गाणं संपेपर्यंत त्या माणसाला मी उभं ठेवलं. त्याची गाडी चुकली.

२. भाषा कळायलाच पाहिजे असं काही नाही

कॅसेटला जिचं नाव आहे ती 'कांदिसा' ही अरमाईक भाषेतली प्रार्थना. येशू ख्रिस्त जी भाषा बोलत असे तिच्या कुळातली. केरळातल्या सीरियन ख्रिस्ती मंडळींनी ती चर्चमध्ये जपून ठेवली आणि या दिल्लीच्या पोरांनी तिच्यावर गिटार अन् तबला चढवला. कांदिसा म्हणजे पवित्र. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं ठाऊक होतं, की हे गाणं वाजलं की समोरच्या हॉटेलातला कारागीर भजी तळता तळता मान वर करतो.

"काय म्हणते बे हे?"

"मले काय माहीत."

"मंग लावते कायले?"

"तू मंगलाष्टकं आयकतं का नाई? त्याचा अर्थ सांग मले."

तो गप्प झाला. गावातल्या प्रत्येक लग्नात तांदूळ टाकतो, पण संस्कृत त्यालाही येत नाही आणि मलाही नाही. आई कधी दुकानात येऊन बसली आणि हे गाणं लागलं, की म्हणायची, "कोनाची तरी पूजा चालू हाय, मधातच बंद नको करू." तिने ते पहिल्या ऐकण्यात ओळखलं. मला वर्ष लागलं.

३. पटवायला जाऊ नये. गेलात तर निदान चोरून जा

आता कबुली देतो. कॅसेट भरून देणं हा माझा अर्धा धंदा होता. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं. साठची कॅसेट घेतली तर एका बाजूला अर्धा तास, नव्वदची घेतली तर पाऊण. यादीतली गाणी कशीही बसवली तरी शेवटी दोन-चार मिनिटांची पट्टी कोरी उरते. बाकीचे दुकानदार ती तशीच सोडायचे, किंवा एखादी आरती टाकायचे. मी तिथे इंडियन ओशन टाकायला लागलो.

कोणाला सांगितलं नाही. अल्ताफ राजा मागणाऱ्याच्या कॅसेटीत शेवटी चार मिनिटं 'खजुराहो'. भीमगीतांच्या कॅसेटीत शेवटी 'हिले रे'. लग्नाच्या गाण्यांनंतर 'लीव्हिंग होम', ज्यात शब्दच नाहीत. तेवढी तरी मी अक्कल ठेवली. अडचण एकच, या बँडची गाणी लांबलचक. सहा-सात मिनिटांच्या खाली बातच नाही, एखादं तर दहाच्या घरात. त्यामुळे पट्टी संपायची आणि गाणं मधातच तुटायचं. मी म्हणायचो तुटू दे. ज्याला पुढचं हवं असेल तो येईल.

आले ते भांडायला आले. "भाऊ, तुमच्या टेपात गडबड हाय. शेवटी भलतंच काही भरते." एका बाईंनी सांगितलं, की त्यांचा नातू त्या शेवटच्या गाण्याला भितो. कोंडोलीकडच्या एका गाडीवाल्याने तर पैसे परत मागितले; त्याला वाटलं मी जुनी, वापरलेली कॅसेट नवी म्हणून खपवली आणि हे तिच्यावरचं आधीचं गाणं राहून गेलं. त्याचा संशय तसा रास्त होता.

किती कॅसेटींत असं केलं याचा हिशोब नाही. दोन-तीन वर्षं हा उद्योग चालला. "ते शेवटचं कोनाचं होतं?" असं विचारत आलेली माणसं मात्र मोजलेली आहेत. तीन. त्यांतल्या एकाने नुसतंच विचारलं आणि नाव ऐकून तो पुढे गेला.

सुरुवातीला याचा राग यायचा. लोकांना कान नाहीत, असं मी साहेबांपाशी बोलून बसलो. ते म्हणाले, "कान आहेत. त्यांनी पैसे दुसऱ्या गाण्याचे दिलेत." त्यानंतर राग गेला. उद्योग चालू राहिला.

४. गाणं बँडहून जुनं असू शकतं

तालुक्याच्या एका शाळेत शिकवणारे एक सर होते. खादीचा सदरा, खांद्याला शबनम, बसची वाट बघत माझ्या फळीवर टेकायचे. एका दुपारी मी कुठलासा टू-इन-वन जोडून 'माँ रेवा' लावलं आणि सर फळीवरून उठले.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?"

मी कॅसेट दाखवली. सरांनी चष्मा वर करून आतल्या कागदावरची बारीक अक्षरं वाचली. मग सांगायला लागले. रेवा म्हणजे नर्मदा. हे तिच्या खोऱ्यातलं गाणं. सर ऐन तरुणपणी धडगाव-अक्कलकुव्याकडे गेले होते, मणिबेलीला मुक्काम केला होता. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची तेहतीस गावं जाणार होती, त्यांत पहिला नंबर मणिबेलीचा. रात्री सभा संपली की अशी गाणी व्हायची. मी विचारलं, मग या दिल्लीच्या लोकांना कसं मिळालं? सरांनी कागदावर बोट ठेवलं. राहुल राम. कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषांवर डॉक्टरेट केलेला हा माणूस परत येऊन १९९० ते ९५ नर्मदा बचाव आंदोलनात होता. म्हणजे गाणं विकत आणलेलं नव्हतं की कोण्या पुस्तकातून उचललेलं नव्हतं. माणसं जिथे बसली तिथे तो बसला होता.

मला एकदम वेगळंच वाटायला लागलं. तोवर माझा समज असा की ही शहरी, इंग्रजी शिकलेल्या पोरांची हौस, आणि मी तिच्या कडेला उभा राहून ऐकणारा गावठी माणूस. आता कळलं की उलटंही असू शकतं. त्यांनीच कोणाच्या तरी ओट्यावर बसून ऐकलेलं आहे. अमित किलम गबगुबी नावाचं एक वाद्य वाजवतो. चामड्याला तार बांधलेली, एका हाताने ताणायची, दुसऱ्याने छेडायची. बंगालकडचं आहे म्हणतात. सर म्हणाले, "हे आपलं चौंडकंच की!" तो आवाज देवीच्या गोंधळात मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ओळखला नव्हता.

सरांच्या दोन बस निघून गेल्या. पुढच्या वेळी आले तेव्हा कोरी कॅसेट घेऊन आले. ती मी दोन्ही बाजूंनी पूर्ण भरून दिली. पैसे घेतले नाहीत. नंतर सर निवृत्त होऊन यवतमाळकडे गेले.

५. भारनियमनात पाठांतर होतं

त्या दिवसांत विदर्भातल्या खेड्यांत बारा-बारा तास लाइट नसायची. दुकान उघडं, हातात सोल्डरिंगची थंड बंदूक, गिऱ्हाईक ताटकळलेलं. तेव्हा मी 'कांदिसा'तली सातही गाणी मनात क्रमाने वाजवायचो, मधल्या रिकाम्या जागांसकट. पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळता गुंडाळता.

६. गाणं नाव कमावतं, वाजवणारा राहून जातो

कॅसेट गेली, सीडी आली आणि चार वर्षांत तीही गेली. मग मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा आला. पूर्वी तासभर लागायचा, आता पाच मिनिटांत पाचशे गाणी. उरलेली पट्टी हा प्रकारच संपला, त्यामुळे माझी लबाडीही बंद पडली.

पण तेव्हाच गंमत झाली. 'ब्लॅक फ्रायडे' हा सिनेमा. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा, हुसेन झैदींच्या पुस्तकावरून अनुराग कश्यपने केलेला. कोर्टाने थांबवून ठेवल्यामुळे तयार असूनही अडकला आणि शेवटी फेब्रुवारी २००७ मध्ये लागला. त्याचं संगीत इंडियन ओशनचं. त्यातलं 'बंदे', पीयूष मिश्रांनी लिहिलेलं, सिनेमाच्या आधीच पोरांच्या मोबाईलवर पोचलं होतं. वाशीमच्या कॉलेजात जाणारी पोरं माझ्याकडे येऊन ते मागायला लागली. मला काय आनंद झाला! एकाला म्हटलं, "याच लोकांची आणखी गाणी देऊ का?"

"कोन लोकांची?"

"बँडची. इंडियन ओशन."

"नाई काका. हे सिनेमातलं हाय."

फाइलवर बघितलं तर गायकाच्या जागी कुठल्या तरी फुकट गाणी देणाऱ्या वेबसाइटचं नाव चिकटवलेलं. त्या रात्री बसून माझ्या कंप्युटरमधल्या सगळ्या फाइलींवर मी बँडचं नाव नीट टाकलं. चौघांची नावंही टाकली. कोण वाचणार होतं? कार्डातल्या पाचशे गाण्यांत ते नाव सरकत जाऊन दिसेनासं व्हायचं. पण नंबर प्लेट नसलेली गाडी रस्त्यावर सोडू नये, एवढंच मला वाटलं.

२०१५ मध्ये याच बँडचं संगीत असलेला 'मसान' सिनेमा आला आणि हेच पुन्हा झालं. त्यातल्या गाण्यातली रेल्वेपुलाची उपमा पोरापोरींना पाठ. संगीत कोणाचं, विचारू नका. यात पोरांचा दोष नाही. आमच्या गावच्या लग्नातल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा माणूस तीस वर्षं माझ्या वरातीपासून माझ्या पुतण्याच्या वरातीपर्यंत वाजवत आला. त्याचं नाव मला तो वारल्यावर कळलं, शोकसभेच्या फलकावरून. मी कोणाला बोलणार?

७. दुसऱ्याच्या वेडाची टिंगल करू नये

साहेबांचं वेड निराळं होतं. त्यांचा बँड मुंबईचा, रॉक मशीन. १९८४ चा. महेश तिनईकर गिटारवर, उदय बेनेगल गायला. गाणी इंग्रजी. साहेब तरुण असताना धोबी तलावच्या रंगभवनात हे सगळं चालायचं. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक नावाचा जलसाच भरायला लागला. त्या काळी आपल्या बँडांनी परदेशी गाणी हुबेहूब वाजवायची, तीच लोकांची फर्माईश. रॉक मशीनने स्वतःची गाणी लोकांपुढे मांडायचा हट्ट धरला. १९८८ आणि १९९० ला दोन अल्बम काढले, मग १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड केलं, १९९५ ला आणखी एक अल्बम, आणि काही वर्षांत बँड मोडला. साहेब शेलूबाजारला आले तेव्हा मोडण्याचं दुःख ताजं होतं. वरच्या खोलीतून रात्री दणदण ऐकू यायची आणि शेजारचे आडते मला विचारायचे, "साहेबाच्या घरी भांडन हाय का?"

मी साहेबांना एकदा म्हणालो, "तुमचे लोक इंग्रजीत गातात, मराठी माणसाने इंग्रजीत कशाला गावं?" साहेबांनी मला शांतपणे विचारलं, "तुझे लोक अरमाईकमध्ये गातात. शेलूबाजारात अरमाईक कोण बोलतं?"

त्यानंतर तो विषय मी काढला नाही. पण एक पाहून ठेवलं. आपलाच बँड जगातला सगळ्यांत उपेक्षित, असं प्रत्येक चाहत्याला मनातून वाटतं आणि त्यात त्याला थोडं सुखही असतं. साहेबांचं म्हणणं, इंडियन ओशनला निदान सिनेमा तरी मिळाला. माझं म्हणणं, रॉक मशीनला निदान मुंबई तरी मिळाली.

साहेबांची बदली २००२ मध्ये झाली. जाताना डेक घेऊन गेले, 'कांदिसा' ठेवून गेले. २०१० मध्ये एका रात्री साडेअकराला फोन. मला वाटलं काही वाईट बातमी. पलीकडून साहेब ओरडत होते: इंडस क्रीड पुन्हा एकत्र आले! दोन वर्षांनी नवा अल्बमही आला, 'इव्हॉल्व्ह'. पन्नाशी ओलांडलेला, सांधे धरलेला, बँकेत कोटींच्या कर्जफाइलींवर सही करणारा माणूस त्या रात्री इयत्ता नववीतल्या पोरासारखा बोलत होता. त्यांना मी पंधरा मिनिटं बोलू दिलं. माझं बॅलन्स जात नव्हतं.

८. फुकट मिळालं की झोप उडते

बघा, मी चोरून भरून देणारा माणूस. बँडच्या खिशात माझ्यामुळे छदाम गेला नाही. उलट त्यांच्या जिवावर मी बेल्ट तपासले, गिऱ्हाइकांना अर्धी गाणी फुकट वाटली. तेव्हा ते चुकीचं वाटलं नाही, कारण सगळा बाजारच तसा चालायचा.

२०१० च्या पावसाळ्यात त्यांनी नवा अल्बम काढायला घेतला, '१६/३३० खजूर रोड'. दिल्लीत करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात त्यांचा वर्षानुवर्षं सराव चालला, त्याचा हा पत्ता. आणि ही गाणी त्यांनी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट देऊन टाकली. कंपनी नाही, दुकान नाही. ज्याला पाहिजे त्याने घ्यावं.

मी पहिलं गाणं उतरवून घेतलं आणि मला शरम वाटली. चोराच्या हातात घरधन्याने स्वतःहून किल्ली दिल्यावर वाटावी तशी. गोव्याच्या रेमो फर्नांडिसबद्दल साहेब सांगायचे: १९८४ मध्ये त्याने शिवोलीतल्या घरी स्वतःच रेकॉर्डिंग केलं आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः टाकत फिरला. मला ते ऐकताना नुसती मौज वाटायची. आता कळलं की त्या स्कूटरचं पेट्रोल कोणीतरी भरायला पाहिजे असतं.

मी ठरवलं, तिकीट काढून एकदा समोर बसून ऐकायचं. वाशीम-अकोल्यात येण्याची शक्यता नाही. पुतण्या तेव्हा पुण्याला शिकत होता. त्याला सांगून ठेवलं.

९. पण मी उशीर केला होता

हा मुद्दा लिहायचं टाळत होतो.

२६ डिसेंबर २००९ ला सकाळी साहेबांचा एसएमएस आला होता. 'असीम गेला.' मी विचारात पडलो, साहेबांच्या नात्यात असीम कोण? चहा घेताना लक्षात आलं. आदल्या दिवशी, नाताळला, दिल्लीत हृदयविकाराने असीम चक्रवर्ती वारला. तबला वाजवता वाजवताच गाणारा. हे दिसतं तेवढं सोपं नाही. दोन हात एका लयीत चालू असताना गळा दुसऱ्याच वाटेने न्यायचा. माझ्या हजारो टेपांचा आवाज ज्याच्या चाटेने तपासला गेला तो माणूस. त्या दिवशी दुकानात तीन मोबाईल आणि एक रेडिओ होता. रेडिओ दुरुस्त झाल्यावर टेस्टला मी आकाशवाणी लावली.

'खजूर रोड'वरची गाणी तो असतानाच रेकॉर्ड झालेली. म्हणून दर महिन्याला नवं गाणं यायचं आणि त्यात गेलेल्या माणसाचा आवाज असायचा. एखाद्या घरी तेराव्यानंतरही माणसाच्या नावाची पत्रं येत राहावीत तसं.

पुण्याला मी पोचलो डिसेंबर २०१२ मध्ये. मोकळं मैदान, थंडी, माझ्या गळ्यात मफलर, बाकी सगळी विशी-पंचविशीची पोरं. असीमच्या जागी दोन माणसं होती: गायला हिमांशु जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती. एका माणसाची जागा भरायला दोन लागली, हे मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिली दहा मिनिटं मी सवयीने स्पीकर तपासत होतो. डावीकडचा जरा जास्तच गुरगुरत होता. पुतण्या म्हणाला, "काका, ऐका नं आता." मग 'माँ रेवा' सुरू झालं आणि आजूबाजूची सगळी पोरं गायला लागली. पूर्ण. मधल्या जागांसकट. मला धक्का बसला. बारा वर्षं ही गाणी मी एकट्याने धरून ठेवली होती, असा माझा समज. इथे तर माझ्या घरातलं भांडं शेजाऱ्याच्या ओट्यावर दिसावं तसं प्रत्येकाच्या तोंडात तेच. क्षणभर वाईट वाटलं. हे का गातायत, हे तर माझं आहे. मग शेजारच्या मुलीने, ओळख ना पाळख, माझ्या मफलरचं टोक धरून नाचायला ओढलं. मी नाचलो नाही. पण मफलर सोडवूनही घेतला नाही.

१०. मंडळ राहतं, माणसं बदलतात

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये सुस्मित सेनही बँड सोडून गेला, ज्याने असीमसोबत हा संसार मांडला होता. साहेब फोनवर म्हणाले, "आता तुझा बँड तो राहिला नाही." मी म्हटलं, आमच्या गावातल्या भजनी मंडळात माझे आजोबा होते, आज त्यांच्यातलं कोणीही नाही, पण एकादशीला मंडळ तेच असतं. साहेबांना पटलं नाही. २०२३ मध्ये इंडियन ओशनचा 'तू है' आला. मी विकत घेतला.

११. याला नंबर दिला, पण हा धडा आहे की नाही सांगता येत नाही

समृद्धी महामार्ग गावाजवळून गेला तेव्हापासून नागपूरच्या मोठ्या गाड्या चौकात वळत नाहीत. दुकानात पूर्वीची वर्दळ नाही. गेल्या पावसाळ्यात एक माणूस आला, पस्तिशीचा, पिशवीत टेपरेकॉर्डर गुंडाळून. वडील वारले, त्यांचा टेप आहे, चालू करून पाहिजे. मी म्हटलं आता याचे बेल्ट भेटत नाहीत. तो म्हणाला, बघा नं भाऊ, लय आवडीचा होता बाबाच्या.

दोन दिवस लागले. दुसऱ्या एका भंगारातल्या टेपचा बेल्ट कापून जोडला. तो घ्यायला आला तेव्हा मी खणातून 'कांदिसा' काढली. पट्टी इतक्या वर्षांत ताणली गेली आहे, आवाज थोडा पोहल्यासारखा येतो. बटण दाबलं. 'खजुराहो' लागलं. स्पीकर ठीक, हेड ठीक. मी बंद करणार तेवढ्यात तो म्हणाला,

"थांबा थांबा. हे बाबाच्या कॅसेटीत हाय."

"कोणत्या?"

"अल्ताफ राजाच्या. सगळ्यात शेवटी येते. आमी लहान होतो तवापासून आयकतो. पन ते अर्धंच हाय. मधातच तुटते, अन् खट्कन बटन उडते." त्याने हाताने बटण उडल्याची खूण केली. "पुढं काय हाय ते आमाले कधी समजलंच नाई."

मी फळीवरचा पसारा सरकवला, त्याला बसायला जागा केली आणि कॅसेट मागे गुंडाळून पहिल्यापासून लावली.